शब्दचर्चा: 'ग्राफीन ग्रो करणे' याला मराठीत काय म्हणावे?

काचनळी
पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळेची मराठी टिपणं करते आहे. पहिल्याच वाक्याला अडले. कृती अशी: 25 मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या फॉइलवर, 1000 ते 1035 अंश सेल्सिअसला, मिथेन आणि हायड्रोजन सोडून ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा थर) 'ग्रो' करायचं. मी लिहिलं, "तांब्यावर ग्राफीन वाढवा." त्यावर दोन हरकती आल्या. 'तांब्यावर' म्हणजे धातूवर की पाणी प्यायच्या तांब्यावर? आणि खालच्याच ओळीत "हायड्रोजन वाढवा" आहे, तिथे प्रवाह जास्त करा असा अर्थ आहे. एका परिच्छेदात एकाच क्रियापदाचे दोन अर्थ कसे चालतील?

अनुस्वार
दोनच नव्हेत. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, तेव्हा फोडणं हा अर्थ असतो. पानात भात वाढतात तो आणखी वेगळा. जीवाणूंचं 'संवर्धन' होतं, तसं 'ग्राफीन-संवर्धन' लिहा. शास्त्रीय लेखनाला संस्कृत शब्दच पेलतो.

मठार
संवर्धनात निगा राखणं, जपणं आहे. वनसंवर्धन, गोसंवर्धन. इथे आधी नसलेला थर नव्याने येतो आहे. मराठीत अशा वेळी 'धरणे' म्हणतात: साय धरते, बुरशी धरते, झाडाला फळ धरतं. "पत्र्यावर ग्राफीनची साय धरते" असं लिहिलं तर पहिल्या वर्षाच्या मुलालाही दिसेल. आणि 'तांब्यावर'ची अडचण 'तांब्याच्या पत्र्यावर' म्हटलं की संपते.

रवाळ
'धरणे' पटलं, 'साय' नाही. दुधातले स्निग्धांश आणि प्रथिनं दुधातूनच वर येतात, म्हणून साय धरते. निकेलवर नेमकं असंच होतं. तापलेल्या निकेलमध्ये कार्बन विरघळतो आणि निकेल निवताना बाहेर पडून वर जमतो. त्यामुळे थर कुठे एक, कुठे पाच-सात पडतात आणि निवण्याचा वेग चुकला की सगळं बिघडतं. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळतच नाही. मिथेन पृष्ठभागावर फुटतो, कार्बन तिथल्या तिथे सरकून बेटं तयार होतात, ती कडांनी पसरत एकमेकांना भिडतात. उघडं तांबं झाकलं गेलं की मिथेन फोडायला कोणी उरत नाही, म्हणून काम बहुतांशी एका थरावर थांबतं. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातून 2009 साली हीच रीत पुढे आली. तेव्हा निकेलवर साय धरते आणि तांब्यावर शेवाळ पसरतं. दोन्हींना एक शब्द दिला तर मुलांना फरक कळणार नाही.

काचनळी
हे फार कामाचं आहे. मग त्या बेटांच्या सुरुवातीला, न्यूक्लिएशनला काय म्हणू?

अनुस्वार
'केंद्रकीकरण' रूढ आहे. नवा शब्द कशाला?

रवाळ
कारण 'केंद्रक' ऐकताच मुलगा अणूच्या पोटात शिरतो. 'रुजणे' बघा. 'रुजण्याच्या जागा कमी करा' म्हटलं की काय करायचं तेही सुचतं. पत्रा लाटताना उमटलेल्या रेघा आणि मळाचे ठिपके, इथे ग्राफीन आधी रुजतं. म्हणून पत्रा ॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवून वरचा ऑक्साइड काढायचा, जमल्यास फॉस्फोरिक ॲसिडमध्ये विजेने घासून गुळगुळीत करायचा, मग मिथेन सोडण्याआधी हायड्रोजनमध्ये अर्धा तास ताव द्यायचा. मिथेन जितका कमी, तितकी बेटं विरळ आणि मोठी. पृष्ठभागावर बेताचा ऑक्सिजन ठेवला तर तो रुजण्याच्या जागा बुजवतो. 2013 साली याच युक्तीने सेंटिमीटरभर रुंदीचे एकसंध स्फटिक मिळाले. एक धोका लिहायला विसरू नका: तांबं 1085 अंशांना वितळतं. भट्टीचा काटा 1035 दाखवत असला आणि तापमापक नळीच्या बाहेर असला, तर आत किती आहे ते आधी मोजून ठेवा. कमी दाबाला तांबं उडून क्वार्ट्‌झच्या नळीच्या थंड भागावर तांबूस थर देतं, तो दर काही फेऱ्यांनी साफ करावा लागतो.

मठार
'ॲनीलिंग'ला तुम्ही सहज 'ताव देणे' लिहिलंत, ते फार आवडलं. मात्र लोखंडाला 'पाणी देणे' यात कठीण करणं आहे. ते इथे नको, इथे तांबं मऊ व्हायला हवं आणि त्याचे कण मोठे व्हायला हवेत.

उत्तरध्रुव
बेटांना इंग्रजी मजकुरात 'डोमेन' म्हटलं असेल. जपून. पुढच्या प्रकरणात चुंबकीय उपकरणं आली की तिथेही 'डोमेन' येणार, म्हणजे एकाच दिशेने चुंबकन झालेला भाग. त्याला 'क्षेत्र' म्हटलंत तर 'चुंबकीय क्षेत्र' म्हणजे फील्ड, ते आधीच ठाण मांडून बसलं आहे. "क्षेत्र लावल्यावर क्षेत्र मोठं होतं" हे वाक्य कोणाला कळेल?

अनुस्वार
'प्रक्षेत्र' म्हणा.

उत्तरध्रुव
एका उपसर्गावर एवढा फरक पेलत नाही. परीक्षेत मुलं 'प्र' गाळतात. माझी सूचना 'वावर', म्हणजे शेत. आणि डोमेन वॉलला, म्हणजे दोन डोमेनमधल्या सीमेला, 'भिंत' न म्हणता 'बांध'. भिंत ताठ आणि जागची न हलणारी. या सीमेला मात्र रुंदी असते, लोखंडात सुमारे 40 नॅनोमीटर. त्या रुंदीत चुंबकनाची दिशा हळूहळू वळत जाते आणि बाहेरून क्षेत्र लावलं की सीमा सरकते. बांध सरकवणं काय असतं हे गावाकडे कोणाला सांगावं लागत नाही. ग्राफीनची बेटं जिथे भिडतात तिथे मात्र बांध नसतो. तिथे पाच आणि सात अणूंची कडी आलटून पालटून बसतात, ती 'शिवण'.

रवाळ
'शिवण' उत्तम. 'वावर'बद्दल शंका आहे. शहरातल्या मुलांना तो शब्द 'ये-जा' याच अर्थी माहीत असतो.

उत्तरध्रुव
म्हणून 'क्षेत्र'ची गल्लत चालू द्यायची का? उपकरण लहान होत गेलं की मुद्दा याचाच असतो: लोखंडाचा कण पुरेसा लहान झाला की त्यात बांध मावतच नाही, अख्खा कण एकच वावर होतो.

अनुस्वार
लिथोग्राफीला, म्हणजे उपकरणाचा नमुना उमटवण्याच्या रीतीला, तरी 'शिलामुद्रण' ठेवा.

मठार
शिळाछापात चुनखडीच्या दगडावर तेलकट रेघ शाई धरते आणि ओला दगड ती झिडकारतो. इथे इलेक्ट्रॉनच्या झोताने पीएमएमए या पॉलिमरच्या थरातल्या (रेझिस्टमधल्या) साखळ्या तुटतात आणि तेवढा भाग द्रावणात धुऊन जातो. दगड नाही, शाई नाही.

अनुस्वार
तेल तिळाचं म्हणून तेल. तरी आपण खोबरेल तेल म्हणतोच. शब्द मुळापासून सुटतो.

रवाळ
मग तोच न्याय 'ग्रोथ'ला 'वाढ' म्हणण्याला का नाही?

अनुस्वार
कारण तेलाच्या बाबतीत वाचक गोंधळत नाही. इथे गोंधळला, म्हणून तर धागा निघाला.

काचनळी
लिफ्ट-ऑफचं, म्हणजे रेझिस्ट विरघळवून त्यावरचा नको असलेला धातू काढण्याचं, पानही अडलं आहे. धातूच्या कडेला उभे राहतात ते 'इअर्स'. 'कान' लिहू?

उत्तरध्रुव
'कंगोरे' लिहा. आणि ते का येतात तेही द्या: धातू स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून) टाकला तर तो रेझिस्टच्या बाजूच्या कडांवरही चढतो, रेझिस्ट निघाल्यावर तेवढीच कड उभी राहते. बाष्पीभवनाने सरळ वरून टाका, खाली जास्त विरघळणाऱ्या कोपॉलिमरचा थर देऊन कडेला आत पोकळी ठेवा आणि 30 नॅनोमीटर परमॅलॉयसाठी (निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूसाठी) रेझिस्ट किमान तिप्पट जाड घ्या. कंगोरा राहिला की धातूच्या चकतीच्या कडेचं चुंबकन वेगळंच वागतं.

मठार
कंगोरा म्हणजे मुद्दाम घडवलेली नक्षीदार कड. नको असताना उरलेल्या कडेला तांबटाकडे 'कोर' म्हणतील.

रवाळ
'कोर' नको. एचिंगला, म्हणजे रसायनाने वा आयनांनी पदार्थ काढण्याला, आपण 'कोरणे' लिहिणार आहोत.