ॲनाकोंडा, कॉर्व्हेट की कटर: सगळ्या कामांना एकच जहाज कुठलं?

उनाड_धूमकेतू:
'एलिट डेंजरस' या अंतराळयानांच्या व्हिडिओ गेममध्ये क्रेडिट्स (खेळातले पैसे) साठले की जो तो फेडरल कॉर्व्हेट नाहीतर इम्पीरियल कटरच्या मागे लागतो. तिन्ही चालवून माझं मत: बहुपयोगी म्हणावं असं एकच, ॲनाकोंडा. साधारण १४.७ कोटी क्रेडिट्स मोजा आणि घ्या. कॉर्व्हेटसाठी आधी फेडरेशनमध्ये रिअर ॲडमिरलची रँक मिळवा, कटरसाठी साम्राज्यात ड्यूकची, म्हणजे महिनाभर निरोप पोचवण्याची हमाली. ॲनाकोंडा आणि कॉर्व्हेटचा एफएसडी (ताऱ्यांदरम्यान उडी मारणारं इंजिन) एकाच वर्गाचा (६), पण सांगाडा ४०० टन विरुद्ध ९००. इंजिनिअर केलेली (सुटे भाग सुधारून घेतलेली) हलकी ॲनाकोंडा एका उडीत ६५ प्रकाशवर्षं सहज जाते. आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर सॅजिटेरियस ए सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं, म्हणजे ४०० उड्या.

तोफखाना:
जोरदार असहमत. ही ६५ची उडी कुठल्या जहाजाची? तोफा काढलेल्या, शिल्ड नावापुरतं ठेवलेल्या. त्यावर लढाईचा सरंजाम चढवा आणि मग आकडा सांगा. कॉर्व्हेटला दोन ह्यूज हार्डपॉइंट्स (सर्वांत मोठ्या तोफांच्या जागा), ॲनाकोंडाला एक. शिवाय कॉर्व्हेट वळते हो! ॲनाकोंडाचं तोंड फिरेपर्यंत समोरचा पाठीमागे जाऊन बसलेला असतो. उगाच नाही लोक तिला 'कोंडा' म्हणत. भुकेला कोंडा, रँक नसेल तर ॲनाकोंडा.

मालवाहू_मावळा:
कोंडा 😂
पण तुम्ही दोघंही तोफा आणि उड्याच मोजताय. कटरमध्ये शिल्ड ठेवूनही ७०० टनांवर माल जातो. ॲनाकोंडात सगळं उपसून ४६८. आणि लुटारू आला तर लढायचं कशाला? बूस्ट मारल्यावर सेकंदाला कटर ३२० मीटर, कॉर्व्हेट २६०, ॲनाकोंडा २४०. पळा!

उनाड_धूमकेतू:
पळा, पण थांबणार कसे? कटरचं नाक वळतं, धूड मात्र जुन्याच दिशेनं घसरत राहतं. मी स्टेशनच्या तोंडाशी असाच घसरत गेलो होतो. रिबाय (फुटलेलं जहाज परत मिळवायची रक्कम) ५ टक्केच, पण २१ कोटींच्या जहाजावर महागडे मॉड्यूल्स लावल्यावरचे ५ टक्के मोजून बघा.

@तोफखाना, सुसज्ज ॲनाकोंडाची उडी घटते, मान्य. पण मी 'एकाच वेळी सगळं' म्हटलंच नव्हतं. आज लढाईचे मॉड्यूल्स, उद्या शोधमोहिमेचे, सांगाडा तोच. कॉर्व्हेट कितीही सोला, ९०० टन कुठे जाणार?

तोफखाना:
म्हणजे गॅरेजमध्ये बहुपयोगी, उडताना एकपयोगी. मग त्यापेक्षा दोन जहाजं का नकोत?

शांत_कक्षा:
तिघांनाही एक शंका. आउटपोस्टवर (छोट्या स्टेशनवर) मोठ्या जहाजांना उतरायला लार्ज पॅड नसतं. तिथलं काम आलं की काय करता? मी पायथॉन हे मध्यम जहाज आणते, मिडियम पॅडवर बसते, माल उतरवते. तोपर्यंत तुमची तिन्ही धुडं बाहेर घिरट्या घालत असतात.

मालवाहू_मावळा:
...पायथॉन माझ्याकडेही आहे. आउटपोस्टपुरती. धागाकर्त्याला सांगू नका.