एन्व्हायर्नमेंटलच्या पोरांना पीसीआर कसा शिकवू?

प्रश्न: एमटेकच्या मुलांची मॉलेक्युलर बायोलॉजीची, म्हणजे पीसीआरची (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या भरपूर कॉप्या काढायची पद्धत) लॅब घ्यायचीये, सगळी सिव्हिलवाली, बीओडी-सीओडी (सांडपाण्याच्या टेस्ट) झोपेत काढतील पण मायक्रोपिपेट (अगदी थोडं द्रव मोजून घ्यायचं साधन) कधी हातात धरलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

गाळवाला: थिअरी नंतर हो. आधी पिपेटने १०० मायक्रोलिटर पाणी काट्यावर टाकायला लावा, ०.१ ग्रॅम यायला हवं. मग एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) एरेशन टँकमधला, म्हणजे हवा सोडायच्या टाकीतला, स्लज (गाळ) आणून अमोनिया खाणाऱ्या बॅक्टेरियाचा अमो-ए (amoA) जीन पीसीआरने शोधा, नायट्रिफिकेशन (बॅक्टेरियाने अमोनियाचं नायट्रेट करणं) त्यांना माहितीच असतं.

लॅबताई: पण स्लजमधलं ह्युमिक अ‍ॅसिड पीसीआर अडवतं हां, जेलवर बँडच (डीएनएची रेघ) येत नाही अन् पोरं हिरमुसतात. डीएनए १० पट डायल्यूट करून परत लावा. आणि निगेटिव्ह कंट्रोल (डीएनए न घातलेली नळी) हवाच.

प्रश्नकर्ता: एरेशन टँकची आयडिया भारी! जेलमध्ये डीएनए दिसायला एथिडियम ब्रोमाइडच वापरू ना?

लॅबताई: नवख्यांच्या हातात नको ओ, सायबर सेफ (SYBR Safe, त्याहून कमी घातक रंग) घ्या.