'द स्क्वेअर'मधली माफी: कबुली की पळवाट? (शेवटची रांग, उंबरठा आणि कातरजोड या तिघांची चर्चा)

शेवटची रांग

रुबेन ओस्टलुंडच्या 'द स्क्वेअर'चा (स्वीडन, २०१७, कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार पाम द'ओर) विषय निघाला की बोलणं मेजवानीतल्या माकडमाणसापाशी, म्हणजे माकडासारखा वागून पाहुण्यांना घाबरवणाऱ्या कलावंतापाशी, जाऊन अडतं. माझ्या मते सिनेमाचं मर्म तिथं नाही, शेवटाकडे मोबाइलवर मागितलेल्या माफीत आहे.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी: क्रिस्टियन (क्लेस बँग) हा स्टॉकहोममधल्या एका कलासंग्रहालयाचा क्युरेटर. भर रस्त्यात एका घाबरलेल्या बाईच्या मदतीला जातो आणि त्या गडबडीत त्याचा फोन आणि पाकीट लंपास होतं. फोन कुठे आहे ते संगणकावर दिसतं, पण फक्त इमारतीपर्यंत. घर कोणतं, ते कळत नाही. मग तो धमकीचं पत्र छापून त्या इमारतीतल्या प्रत्येक दारात टाकतो: चोर तूच, वस्तू अमुक दुकानात आणून ठेव. वस्तू परत मिळतात. पण एका घरातले आईबाप ते पत्र वाचून आपल्याच मुलाला चोर ठरवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. तो मुलगा 'माफी माग' म्हणत क्रिस्टियनच्या जिन्यात येऊन उभा राहतो, आरडाओरडा करतो, आणि झटापटीत पायऱ्यांवरून पडतो. नंतर क्रिस्टियन भर पावसात कचऱ्याच्या पिशव्या उचकून त्याच्या नंबराची चिठ्ठी शोधतो, आणि माफीचा व्हिडिओ रेकॉर्ड करतो.

त्या व्हिडिओत काय कशानंतर येतं ते बघा. आधी, मी चुकलो. मग, तुम्हा लोकांबद्दल माझ्या मनात पूर्वग्रह होते. मग, हे एकट्या माणसानं सुटणारं नाही, समाजाची रचनाच तशी आहे. शेवटी तर जगातली निम्मी संपत्ती ज्या मूठभरांकडे आहे त्यांतल्या एकाला मी ओळखतो, इथवर गाडी जाते. वाक्याचा कर्ता 'मी'पासून निघून 'आपण'वरून 'ते'वर पोचला. मुलाची मागणी साधी होती: माझ्या घरच्यांना सांग की मी चोर नाही. त्या घरात समाजरचनेच्या चर्चेला काही काम नव्हतं.

अपराधभाव बोलून दाखवल्यानं जबाबदारी पार पडत नाही, हे इतक्या नेमकेपणानं दाखवणारा दुसरा प्रसंग मला सिनेमात सापडत नाही.

उंबरठा

प्रसंगाचं वर्णन बरोबर आहे, निष्कर्ष मान्य नाही.

क्रिस्टियन रचनेबद्दल बोलतो त्यात चूक काय आहे? ती इमारत शहराच्या त्या टोकाला का, तिथं राहणाऱ्या सगळ्यांवर संशय घ्यायला त्याला काहीच का वाटलं नाही, याचं उत्तर त्याच्या स्वभावात नाही, रचनेतच आहे. ओस्टलुंड ते वाक्य अशा माणसाच्या तोंडी आणि अशा क्षणी घालतो की ऐकणाऱ्याला ते निव्वळ सबब वाटावं. विषमतेबद्दलचं खरं विधान पळवाट म्हणून लक्षात राहतं. उपहासाची ही किंमत मोठी आहे.

आणि मूळ तक्रार याहून पुढची. त्या मुलाला सिनेमाभर नाव नाही. त्याच्या घरात कॅमेरा एकदाही जात नाही. पत्र वाचल्यावर तिथं काय झालं, हे फक्त त्याच्या ओरडण्यातून कळतं. कॅमेरा सतत क्रिस्टियनपाशी: त्याचं घर, त्याच्या मुली, त्याचा अस्वस्थ चेहरा. क्रिस्टियनसाठी ती इमारत म्हणजे पत्र टाकायच्या दारांची रांग होती, दिग्दर्शकासाठीही तेवढीच राहिली. ज्याच्यावर अन्याय झाला तो दुसऱ्याच्या अपराधभावाचं निमित्त होऊन उरतो.

कातरजोड

माझा आक्षेप तिसराच आहे, आणि त्यासाठी माकडमाणसाकडे परत जावं लागेल.

'गर्दीत माणूस जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतो' हे गृहीतक सिनेमाभर पसरलेलं आहे. त्याचं मूळ डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८च्या प्रयोगांत. इंटरकॉमवर कुणाला तरी झटका येतोय असं ऐकवलं, तेव्हा आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक तो प्रसंग संपायच्या आत मदतीला धावले. आणखी चौघे ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. पण प्रयोगशाळेबाहेरचं चित्र वेगळं आहे. अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनमधल्या २१९ खऱ्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं (निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले), तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडला होता. बघे जितके जास्त, तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त.

मग ओस्टलुंड माणसाबद्दल जे ठासून सांगतो, ते निम्मंच खरं ठरतं.

शेवटची रांग

@कातरजोड, आकडे मान्य, पण ते या प्रसंगाला लागू होत नाहीत. रस्त्यावरच्या मारामारीत काय चाललंय याबद्दल शंका नसते.

लाटाने आणि डार्ली यांनीच मदतीच्या पाच पायऱ्या मांडल्या होत्या: घटना लक्षात येणं, ती संकटाची आहे असं ओळखणं, जबाबदारी आपली मानणं, काय करायचं ते सुचणं, आणि प्रत्यक्ष करणं. मेजवानीच्या प्रसंगात ओस्टलुंड नेमकी दुसरी पायरी काढून घेतो. आधी ध्वनिक्षेपकावरून सूचना येते की एक हिंस्र प्राणी येणार आहे, त्याला भीतीचा वास येतो, हालचाल न करता कळपात लपलात तर तो दुसऱ्या कुणाला तरी धरेल. म्हणजे कलाप्रयोगाचा नियम म्हणून गप्प बसण्याची परवानगी आधीच हातात दिली. मग माकडमाणूस (अभिनेता टेरी नोटरी) आत येतो, उघड्या अंगानं, हातांना जोडलेल्या धातूच्या कुबड्यांवर चालत. सुरुवातीला लोक हसतात. एका कलावंताला तो हुसकून लावतो तेव्हा हसू थांबतं, पण 'हाही प्रयोगाचाच भाग असेल' ही शक्यता मिटत नाही. तो एका बाईला केसांना धरून ओढत नेतो, ती मदतीसाठी ओरडत राहते, तरी माना खालीच. अखेर एक म्हातारा उठतो, आणि तो उठल्याबरोबर बाकीचे नुसते धावत नाहीत, माकडमाणसाला बेदम मारतात. एवढा वेळ दाबून ठेवलेली लाज रागाच्या रूपानं बाहेर पडते. हे भेकडपणापेक्षा भयंकर आहे, आणि तुमच्या सीसीटीव्हीत ते दिसणार नाही.

@उंबरठा, मुलाच्या घरात कॅमेरा गेला असता तर आपल्याला त्याची दया आली असती, आणि दया आली की प्रेक्षकाला हलकं वाटतं. ओस्टलुंड ती सोय ठेवत नाही. मुलगा पडल्यानंतरची जिन्यातली 'वाचवा' ही हाक आठवा. मुलगा दिसत नाही, नुसता आवाज येत राहतो, तो खरंच येतोय की क्रिस्टियनच्या कानात बसलाय हे कळत नाही. घर दाखवून हे साधलं नसतं.

उंबरठा

हाकेचा प्रसंग बिनतोड आहे, मान्य. पण 'दया नको' हा नियम एकाच बाजूला का? क्रिस्टियनच्या वाट्याला पावसात भिजत कचरा उपसणं आलं, वरून टिपलेल्या त्या दृश्यात पिशव्यांच्या राशीतलं त्याचं एकटेपण आलं. तिथं आपल्याला त्याचा कळवळा येतोच, आणि तो यावा म्हणूनच ते तसं चित्रित केलंय.

याच सिनेमात ओस्टलुंडनं याहून न्याय्य वागून दाखवलं आहे. दुकानातल्या भिकारणीला क्रिस्टियन काय हवं विचारतो आणि ती कांदा न घातलेलं चिकन सँडविच मागते. तो चिडून तिच्यापुढे सँडविचचं पाकीट टाकतो, कांदा तूच काढ म्हणतो. त्या अर्ध्या मिनिटात ती बाई माणूस म्हणून उभी राहते, कारण तिला आवडनिवड आहे. मुलाला असा एकही क्षण मिळत नाही. त्याला फक्त मागणी आहे.

कातरजोड

पायऱ्यांचा मुद्दा पटला, मेजवानीपुरता आक्षेप मागे घेतो.

पण माफीबद्दल एक गोष्ट दोघांनीही सोडली. व्हिडिओनंतर क्रिस्टियन मुलींना घेऊन खरोखर त्या इमारतीत जातो. जिने चढतो, दारं वाजवतो. शेजारी सांगतो की ते कुटुंब इथून गेलं. म्हणजे 'ते'वर पोचलेला माणूस पुन्हा 'मी'वर आला होता, फक्त उशिरा. @शेवटची रांग, व्हिडिओलाच मर्म मानलं तर या जाण्याचं काय करायचं?

शेवटची रांग

ते जाणं मी कमी लेखलं, खरं आहे. मुली बरोबर आहेत म्हणून तो गेला की मुलासाठी गेला, हे सिनेमा उघड करत नाही, आणि मलाही ठरवता येत नाही. परतीच्या प्रवासात मागच्या सीटवरून मुली त्याच्याकडे बघत राहतात आणि कुणीच काही बोलत नाही. त्या दोघींनी जिन्यातला मुलगाही पाहिला होता.