'कियाना' म्हणे प्राचीन हवाईयन नाव!

पारावरचा पंत:
काल 'मुलीचं नाव सुचवा' या धाग्यावर सई_सॅनहोजे यांनी लिहिलं, "आमचं ठरलं, कियाना! प्राचीन हवाईयन नाव आहे, अर्थ चंद्रदेवी. हवाईच्या राण्यांमध्ये असायचं. दुर्मीळ आहे, वर्गात दुसरी सापडणार नाही." खाली बदामांचा पाऊस. दोन ओळीत उत्तर देणार होतो, पण आवरेना, म्हणून वेगळा धागा.

आधी 'प्राचीन'चं बघू. हवाईयन लिपीत ड, स, ग, ज नाहीत. १८२० मध्ये बोस्टनहून निघालेले मिशनरी तिथे पोचले, सोबत बायबलातली नावं. जे अक्षर तिथल्या तोंडात बसेना तिथे 'क' आला. डेव्हिडचा काविका, जॉर्जचा केओकी, जॉनचा केओनी, सॅम्युएलचा कामुएला, जेम्सचा किमो. डायानाची कियाना त्याच रांगेतली. चंद्रदेवी आहे ती रोमची डायाना. हवाईची चंद्राची देवी हिना, तिला कुणी विचारत नाही. आणि राण्या? काआहुमानू, कामामालू, कालामा, एम्मा, कापिओलानी, शेवटची लिलिउओकलानी. यात कियाना दाखवा, मी नाक घासतो.

खरं हवाईयन नाव कसं पडायचं ते ऐका. १८३८ मध्ये लिलिउओकलानी जन्मली तेव्हा कीनाऊ या सत्ताधारी बाईंचे डोळे दुखत होते. म्हणून बाळाची नावं पडली लिलिउ, लोलोकु, वालानिया, कामाकाएहा: झोंबणं, आसवं, आग, दुखरे डोळे. पुढे १८७७ मध्ये भावाने तिला वारस नेमलं तेव्हा लिलिउओकलानी झालं. आहे हिंमत मुलीचं नाव 'दुखरे डोळे' ठेवायची? नाही ना. मग यादीतलं गोड-गोड उचलायचं आणि वर प्राचीन म्हणायचं. असले आगाऊ आईबाप हल्ली पैशाला पासरी झालेत. आमच्या सोसायटीत कियान, कियारा, कियांश तिघे एकाच घसरगुंडीवर असतात. हाक मारली की तिघे येतात.

सई_सॅनहोजे:
पंत, मला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे आणि तुम्ही मला शिकवणी लावताय. धन्यवाद. माझं नाव सई. इथे मला 'साय' म्हणतात, 'से' म्हणतात, एका बाईंनी तर वर्षभर 'सॅली' म्हटलं. मला असं नाव हवंय जे सांगलीची आजी आणि इथली शिक्षिका दोघी सरळ म्हणतील. बस. राणीचं मी एका साइटवर वाचलं होतं. एवढ्यासाठी वेगळा धागा? तुमच्या घरी कुणी बोलत नाही का तुमच्याशी?

बस्त्यांव_म्हापसा:
पंतांचं लॉजिक पुढे नेऊ. आमच्याकडे जोसेचा जुझे झाला, सेबास्तियांवचा बस्त्यांव, इग्नासियोचा इनास. मग जुझे पोर्तुगीज की गोंयकार? माझ्या आज्याला लिस्बनमध्ये सोडलं असतं तर परतीचं तिकीट काढता आलं नसतं. लोकांनी नाव आपल्या जिभेवर घासून घेतलं की ते त्यांचं. काविका हे नाव राजा कालाकाउआचं, तो डेव्हिड होता म्हणून. त्याला सांगा जाऊन की तू हवाईयन नाहीस.

पारावरचा पंत:
मी 'हवाईयन नाही' म्हटलंच नाही. 'प्राचीन' नाही म्हटलं. वाचून लिहा.

बस्त्यांव_म्हापसा:
शीर्षकात तुमचं 'म्हणे' आहे. ते 'म्हणे' प्राचीनला होतं की हवाईयनला, ते शीर्षक वाचून कळत नाही. लिहून वाचा.

धागादोरा_इचलकरंजी:
सगळे चुकताय. कियाना हे कापड आहे! मी आयुष्यभर यार्नमध्ये काढलं. ड्यूपाँटने १९६८ मध्ये काढलेलं रेशमासारखं नायलॉन, सुरुवात 'के'ने नाही 'क्यू'ने. सत्तरच्या दशकात डिस्कोवाले ते चकचकीत, लांब कॉलरचे शर्ट घालायचे ना, तेच. अमेरिकेत त्या जाहिराती बघून लोकांनी मुलींची नावं ठेवली, क्यूवाली पण आणि केवाली पण. पुढे नव्वदच्या दशकात ईएसपीएनवर हवाईत जन्मलेल्या कियाना टॉमचा व्यायामाचा कार्यक्रम आला, तेव्हा केवालीने जोर धरला. या बाई हवाईच्या म्हणून सगळ्यांना हवाई आठवलं. त्याआधी नायलॉन. बाकी ते कापड घामाला वाईट होतं, सुताची सर नाही. आमच्याकडे आता पॉलिएस्टरने लूमवाल्यांची जी वाट लावली आहे त्यावर कुणी धागा काढत नाही.

सई_सॅनहोजे:
म्हणजे माझी मुलगी नायलॉन. छान.

फारसीप्रेमी_फ:
इराणातही कियाना मुलीचं नाव आहे, कियानी राजांच्या 'कियान'शी जोडतात. शाहनाम्यातलं घराणं. भारतात जे कियान-कियानाचं पीक आलंय ते होनोलुलूहून आलं नाही, या बाजूने आलं असेल असं माझं मत, नाहीतर नुसतं कानाला बरं वाटतं म्हणून. आणि परकं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आधी शहाजी हे नाव कुठून आलं ते आठवावं. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून शहाजी आणि शरीफजी ठेवली असं परंपरा सांगते. फडणीस, चिटणीस, पोतनीस तर सोडाच.

पारावरचा पंत:
परकं हा शब्दही मी लिहिलेला नाही. इथे लोक धागा वाचत नाहीत, स्वतःचं दुखणं घेऊन येतात.

ओआहूची_ऊर्मिला:
काही वर्षं होनोलुलूत काढली म्हणून लिहिते. पंत, तुम्ही मिशनऱ्यांवर थांबलात, खरी गंमत पुढे आहे. १८६० मध्ये चौथ्या कामेहामेहाने नावांचा कायदा केला. मुलाला ख्रिस्ती नाव हवं, तेही मुलगा-मुलगी बघून, आणि बापाचं नाव आडनाव म्हणून. लग्न झालेल्या बाईने नवऱ्याचं नाव लावायचं. त्याआधी आडनाव नसायचं आणि नाव बहुतेकदा बाईचं की पुरुषाचं हे कळायचंही नाही. राजाने स्वतःच्या मुलाचं नाव काय ठेवलं होतं? आल्बर्ट. व्हिक्टोरिया राणी त्याची धर्ममाता. हा नियम १९६७ पर्यंत होता. म्हणून जुन्या लोकांचं पहिलं नाव इंग्रजी आणि मधलं हवाईयन असतं. २०१६ च्या 'मोआना' या कार्टूनपटाच्या नायिकेला आवाज देणारी औलिई क्रावाल्यो २००० मधली, कायदा जाऊन तेहतीस वर्षं झाली होती, तरी कागदावर पहिलं नाव क्लोई.

आणि सई, खऱ्या जुन्या नावांच्या वाटेला जाऊ नकोस हे पंतांशी सहमत होऊन सांगते. ती घराण्याची मालमत्ता. काही नावं पूर्वजांनी स्वप्नात दिलेली मानतात, त्यांना 'इनोआ पो' म्हणतात. ते नाव नाकारलं तर मूल आजारी पडतं अशी समजूत. हवाईयन अभ्यासक मेरी कावेना पुकुई यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. माझ्या शेजारच्या आजींचं मधलं नाव मी एकदा सहज विचारलं तर म्हणाल्या, "ते घरातलं आहे." विषय संपला. त्या मानाने मालिया, कियाना यांच्यावर कुणी हक्क सांगत नाही. उचलायचंच तर हीच बरी.

माई_मिरज:
"लग्न झालेल्या बाईने नवऱ्याचं नाव लावायचं." हवाईला त्यासाठी कायदा करावा लागला होय! आमच्याकडे ताटभर तांदूळ पुरले. मी माहेरची सुलभा. सासरी नणंद सुलभा, म्हणून ताटात तांदूळ पसरून अंगठीने 'वैजयंती' लिहिलं. मला विचारलं नाही. वय बावीस, मीही तोंड उघडलं नाही. नंतर बँकेचं पासबुक सुलभा, रेशनकार्ड वैजयंती. पेन्शनच्या वेळी सुलभा आणि वैजयंती या दोन बायका नसून एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून दिलं. कारकून म्हणाला, पुरावा काय? मी म्हटलं, ही मी इथे उभी आहे ना.

पारावरचा पंत:
माई, विषय हवाईचा आहे.

माई_मिरज:
विषय नावाचा आहे. तुमचं कुणी बदललं का? मग गप्प बसा.

रत्नाकर_रूढीप्रिय:
प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधायची फॅशन आहे. माझ्या बायकोने हौसेने नाव बदललं. नवं घर, नवं नाव. त्यात एक गोडवा असतो जो आजच्या पिढीला कळणार नाही.

कडकलक्ष्मी_क:
तुम्ही हौसेने काय बदललंत?

रत्नाकर_रूढीप्रिय:
घर. तिच्या आईच्या गल्लीत राहायला गेलो. वीस वर्षं झाली.

कडकलक्ष्मी_क:
हे आधी लिहायचं ना. अर्धा राग गेला. उरलेला अर्धा ठेवते. माझ्या आत्याचं नाव सासरी दोनदा बदललं, कारण पहिलं नव्या नवऱ्याच्या राशीला 'जड' निघालं. आत्या बिचारी हाकेला वळायचीच नाही. लोक म्हणायचे, बहिरी आहे.

धागादोरा_इचलकरंजी:
आमच्यात पण बदलतात. पण बायकोला घरात कोण नावाने हाक मारतं? 'अगं' म्हणतात. प्रश्नच येत नाही.

माई_मिरज:
तुम्ही नायलॉनवरच बोला.

फारसीप्रेमी_फ:
निदान सरकारला उशिरा का होईना जाग आली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदावर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव.

रत्नाकर_रूढीप्रिय:
फॉर्मवर जागा कुठे आहे एवढी?

ओआहूची_ऊर्मिला:
हवाईत एका बाईंचं आडनाव गाडीच्या परवान्यावर मावेना म्हणून २०१३ मध्ये सरकारने रकानाच चाळीस अक्षरांचा केला. जागा करता येते. आणि माई, गंमत बघा, त्या १८६० च्या कायद्यात आईचं नाव आडनाव म्हणून फक्त लग्नाबाहेरच्या मुलांना होतं. म्हणजे आईचं नाव लावणं ही शिक्षाच. तुमचा मुद्दा अगदीच अवांतर नाही.

पारावरचा पंत:
धागा माझा, गर्दी माईंची. असो. दगडू, धोंडू, केरबा यांच्याबद्दल लिहिणार होतो. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली ही नावं. हवाईतही दुष्ट शक्तींना चकवायला घाणेरडी नावं ठेवायची रीत होती. तेवढं एक साम्य आहे जे कुणाला साइटवर सापडणार नाही. पण आता कोण वाचणार.

कडकलक्ष्मी_क:
आम्ही वाचलं. पण 'नकोशी'ला त्यात घालू नका. २०११ मध्ये साताऱ्यात २८५ मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली, त्या दृष्ट लागू नये म्हणून नकोशा नव्हत्या.

पारावरचा पंत:
घातलीच नव्हती.

बस्त्यांव_म्हापसा:
पंत, जुझेचं उत्तर राहिलं.

पारावरचा पंत:
जुझे गोंयकार. झालं समाधान? त्या न्यायाने कियानाही हवाईयन, घ्या. पण १८२० नंतरची. आणि राण्यांमध्ये नाही म्हणजे नाही.

सई_सॅनहोजे:
'प्राचीन' आणि 'राण्या' काढून टाकते, तिकडच्या पोस्टमध्ये दुरुस्ती केली. नाव तेच राहील. तुम्ही 'आगाऊ आईबाप' मागे घ्या.

पारावरचा पंत:
'आगाऊ' मागे. आईबाप राहू द्या, ते होणारच आहात.

माई_मिरज:
सई, लग्नात तिचं नाव कुणी बदलायला आलं तर तांदूळ सांडून टाक गं.