मदत हवी आहे: खारपाणपट्ट्यात खोल बोअर घ्यावा का?

मंडळी, वावर दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणी खारं आहे त्या भागात. वर काळी चिकण माती, खाली गाळाचे जाड थर. कातळ कुठं लागेल देव जाणे. पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी बरं असतं, पण मोटर जास्त चालली की मचूळ येतं. गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. उपसा वाढला की खालचं खारं वर चढतं, एवढं समजतं. बोअरवाला मात्र म्हणतो, ‘६०० फूट जाऊ, गोडं लागेल.’ (त्याचा धंदा फुटावर चालतो!) आपल्या पट्ट्यात एवढं खोल जाऊन कुणाला गोडं पाणी लागलं का? केसिंग (बोअरमधला पाइप) कुठवर टाकलं? ईसी (पाण्याची विद्युत वाहकता, त्यावरून खारेपणा कळतो) तपासली असेल तर आकडा सांगा. नाहीतर शेततळंच करतो, हरभऱ्याला एक-दोन ओलित झालं तरी पुरे. त्याला अस्तर लागेलच का?