धुकं, धुरा अन् फुलपाखरं: सुट्टीतल्या फोटोंचे अनुभव

सुट्टीत मोबाइल किंवा कॅमेरा घेऊन चिखलदऱ्याला, रामटेकला, नाहीतर आपल्याच गावच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गेला असाल तर लिहा. जमलेल्या फोटोपेक्षा हुकलेल्या फोटोची गोष्ट आधी सांगा. सुरुवात मी करतो.

अकोल्याहून
ऑगस्टात सहकुटुंब चिखलदरा. उंची १,११८ मीटर, त्यामुळे ढग आपल्या अंगावरूनच जातात. दोन दिवसांत २४० फोटो काढले, त्यातले दोनशे पांढऱ्या भिंतीचे! देवी पॉइंटवर मागे दरी आहे हे बायकोला फोटो दाखवून पटत नाही. गाविलगडावर मात्र अर्धा मिनिट धुकं फाटलं आणि तटबंदी दिसली. नेमकी तेव्हा लेन्सवर वाफ. एसी गाडीतून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की असंच होणार. मी शर्टाच्या टोकाने पुसत बसलो, तोवर गड परत गायब. आता कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू देतो. आणखी एक कळलं: एवढा पांढरा उजेड पाहून कॅमेरा फोटो काळवंडून टाकतो, धुकं मळकट दिसतं. एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक पायरी वर नेलं की ते पांढरं येतं.

परतवाड्याहून
आम्ही घाटाच्या पायथ्याचे. पाहुणे पावसाळ्यात नेतो, स्वतः कोजागिरीनंतर जातो. हवा धुतलेली असते, डोंगरांच्या रांगा एकामागे एक मोजता येतात. अकोलेकर भाऊ, पुढच्या वेळी आमच्याकडे चहा घेऊन चढा.

धारणी तालुक्यातली शिक्षिका
माझं सगळं फुलपाखरांवरच. दिवाळीच्या सुट्टीत सेमाडोहजवळ सिपना नदीच्या ओल्या रेतीवर ती घोळक्याने बसलेली दिसली. पाणी प्यायला नव्हे, रेतीतले क्षार घ्यायला, आणि त्यात बहुतेक नरच. पहिल्या दिवशी उभ्याने गेले. माझी सावली पडली आणि घोळका उडाला. दुसऱ्या दिवशी साडी सोडून सलवार घातली, चक्क पोटावर झोपले. पाच-सात मिनिटांत एकेक परत आलं. एक तर माझ्या घामेजल्या मनगटावर बसलं, आणि कॅमेरा त्याच हातात!

पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखाला समांतर धरा, नाहीतर डोळा नीट येतो आणि पंखाचं टोक पुसट. थंडीत सकाळी जा. ऊन खाण्यासाठी पंख पसरून बसलेली असतात, उडायचा आळस असतो.

आणि हो, शाळेमागचा तरोटा (टाकळा) पोरांना उपटू देत नाही. छोटी पिवळी फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. मुख्याध्यापकांना तो कचरा वाटतो, वाटो.

वर्धा जिल्ह्यातून
मी पुण्यात नोकरीला, सुट्टीत गावी. मावशीच्या वावरात कापूस वेचणी चालली होती. संध्याकाळचं तिरपं ऊन, फुटलेली बोंडं, मागे तुरीचा पिवळा फुलोरा. मी बायांना म्हटलं, जरा थांबा, इकडे पाहा, ओटी थोडी वर धरा. दोनदा ऐकलं त्यांनी. तिसऱ्यांदा एक काकू म्हणाल्या, "फोटोतला कापूस कोनी तोलून घेत नाही जी!" वेचणीची मजुरी किलोवर. माझ्या दहा मिनिटांत पाच बायांची मजुरी बुडत होती, आणि मला सूर्य मावळायची घाई. कॅमेरा मावशीकडे दिला आणि तास वाकून वेचलं. जेमतेम दोन किलो. कंबर दोन दिवस बोलत होती. फोटो आहेत, पण त्या बाया कॅमेऱ्याकडे बघत असलेले एकही ठेवले नाहीत.

नागपूरहून
रामटेक. गडमंदिरावरून अंबाळा तलाव टिपायचा म्हणून पायऱ्या चढलो. वानराने कॅमेऱ्याची पिशवी नेली. आत फक्त चकल्या होत्या, त्याला हेच कसं कळलं? फोटो मोबाइलवर काढला.

पुन्हा अकोल्याहून
ताई, सागाच्या पाचोळ्यात पायाखालून काहीतरी तपकिरी उडतं आणि बसलं की सापडत नाही. ते काय?

धारणी तालुक्यातली शिक्षिका
बहुधा इव्हनिंग ब्राऊन नावाचं फुलपाखरू. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, कोरड्या दिवसांतली पिढी हुबेहूब वाळक्या पानासारखी. बसलेली जागा नजरेत धरा, मगच पाऊल टाका.

यवतमाळ जिल्ह्यातून
मी कुठेच गेले नाही. अंगणातल्या रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या, प्लेन टायगर फुलपाखराच्या. रोज सकाळी एक फोटो काढायचं ठरवलं. चौथा दिवस शनिवार. आई मारुतीच्या हारासाठी पानं तोडायला आली. मी ओरडलेच. मग तिने प्रत्येक पान उलटून पाहिलं, अळी असलेली तशीच ठेवली. त्या शनिवारी मारुतीचा हार जरा आखूडच झाला.