जागेपणातून थेट सजग स्वप्नात कसं शिरायचं? (रात्रीचं ओलित सुरू आहे)

धुऱ्यावरचा
झोपेत मधेच "हे स्वप्न आहे" असं उमगणं जमते. आता जागेपणाचा धागा न तोडता सरळ स्वप्नात शिरायचं आहे. रात्री दहाला पडून प्रयत्न केला की वीस मिनिटांत गाढ झोप लागते. काऊन होते असं? हरभऱ्याला ओलित आहे, थ्री फेज लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. वेळ, पायऱ्या, चुका, सारं नेमकं सांगा.

पहाटतारा
भाऊ, तुमची वेळच चुकली. झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं असते. पहिल्या दोन-तीन चक्रांत गाढ झोप जास्त आणि स्वप्नाची झोप, म्हणजे रेम, अगदी थोडी. पहाटेकडे हे उलटते. म्हणून दहाला पडून स्वप्नाचं दार शोधाल तर गाढ झोपेतच जाल.

साडेनऊला झोपा, तीनचा अलार्म लावा. आवाज बारीक ठेवा, दचकून उठलं की छाती धडधडत राहते. उठल्यावर लघवी, दोन घोट पाणी, मग मंद उजेडात 20 ते 30 मिनिटं बसा. मोबाईल नको, चहा नको. उठायच्या आधी पडलेलं स्वप्न वहीत लिहा, त्यानं मन त्याच दिशेला लागते. मग पुन्हा पडा. अंग पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत ढिलं सोडा, दोन मिनिटं पुरेत. आता श्वासागणिक मोजा: "एक, मी स्वप्नात आहे, दोन, मी स्वप्नात आहे". आकडा चुकला की पुन्हा एकपासून.

थोड्या वेळानं मिटल्या डोळ्यांपुढे ठिपके, पट्टे, अनोळखी चेहरे, तुटक आवाज येतात. इथंच बहुतेक जण हुकतात. चित्र धरायला गेलं की ते विरते. नाल्याच्या काठी बसून वाहतं पाणी पाहावं तसं नुसतं पाहायचं. चित्राला खोली आली, आपण त्याच्या आत उभे आहोत असं वाटलं की लगेच पळापळ करू नका. आधी हाताला काहीतरी लागू द्या: भिंत, माती, ज्वारीचं कणीस. स्पर्श पक्का झाला की स्वप्न टिकते. फिकं पडायला लागलं तर स्वप्नातलेच तळहात एकमेकांवर चोळा.

वावरवाला
मग रात्रीच्या पाळीत वेगळा अलार्म कशाला? मोटर चालू करून घरी आले की पडायचं. सोपं.

पहाटतारा
ते आधी किती झोप झाली त्यावर आहे. आठला झोपून दोनला उठलात, तर हो, सहा तास भरले. पण अकराला झोपून एकला वावरात गेलात तर उरलेली गाढ झोप शरीर आधी वसूल करते, त्या रात्री प्रयत्न सोडा. दुसरं, थंडीत बॅटरी घेऊन दांडानं फिरून आलं की माणूस पुरता जागा होतो. आल्यावर हातपाय पुसून, पांघरूण घेऊन दहा मिनिटं शांत बसा, मग पडा. सगळ्यात सोयीचा पर्याय म्हणजे पाळी आटोपून सकाळी सात-आठला घेतलेली झोप. त्या वेळी रेम लवकर येते. दुपारच्या झोपेत ती कमी असते.

जागल
जमत नसेल तर आधी बिघाड ओळखा, तो दोनच प्रकारचा असते. मोजता मोजता झोप लागून गेली, तर उठून बसायची वेळ दहा मिनिटांनी वाढवा. उलट तासभर टक्क जागे राहिलात, तर ती कमी करा आणि मोजणं सैल सोडा: लक्षाचा चौथा हिस्सा आकड्यावर, बाकी झोपेवर. "आलं का, आलं का" असं तपासत राहिलं तर झोप येतच नाही.

अजिबात हलायचं नाही, हा सल्ला लोक जास्तच ताणतात. थुंकी गिळा, खाज सुटली तर खाजवा. मच्छरदाणी मात्र लावाच. संध्याकाळनंतर खर्रा बंद ठेवा, निकोटिन झोप पातळ करते आणि रेमही कमी करते.

योगनिद्रेची ध्वनिफीत लावू नका. अंग ढिलं करायचा सराव दिवसा तिच्यावर करा, पण पहाटे बाहेरचा आवाज तुम्हाला जागेपणाकडेच ओढत राहील.

मोहफूल
एक गोष्ट आधी माहीत पाह्यजे. शिरताना अंग जखडते, कानात घूं आवाज येते, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते. गावात याला भूतबाधा समजतात. खरं म्हणजे रेममध्ये मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवते, नाहीतर स्वप्नातलं पळणं खाटेवर झालं असतं. श्वास चालूच असते, डोळेही हलतात. 1975 मध्ये इंग्लंडात मानसशास्त्रज्ञ कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाच्या ठरवून केलेल्या डोळ्यांच्या हालचाली यंत्रावर नोंदवल्या, त्या याच मोकळीकीमुळे. भीती वाटली तर लांब श्वास सोडा आणि पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न करा. उताणं झोपल्यावर हे जास्त होते, म्हणून सुरुवातीला कुशीवर पडा.

हे आठवड्यात दोनदाच. फवारणी, थ्रेशर किंवा ट्रॅक्टरचं काम असेल त्याच्या आदल्या रात्री झोप मोडू नका. मचाणावर जागलीला असताना तर नकोच. फिटचा त्रास असेल, किंवा जागेपणी भास होत असतील, तर या वाटेला जाऊ नका.

धुऱ्यावरचा
समजलं. आत शिरलो की नुसतीच जाग आली, हे कसं ओळखायचं?

पहाटतारा
नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि श्वास ओढून पाहा. आत गेला तर स्वप्न. प्रत्येक वेळी जाग आल्यावर करा, खोली, कूलर, भिंतीवरचं कॅलेंडर अगदी घरच्यासारखं दिसलं तरी. खोटी जाग, म्हणजे जागे झालो असं स्वप्नातच वाटणं, या पद्धतीत बरेचदा येते. आणि खरीच जाग आली असेल तर डोळे पुन्हा मिटा, आणखी हलू नका, पुन्हा एकपासून मोजा. रेम अजून तुटली नसेल तर थोड्याच वेळात परत आत जाता येते.